गियरपेटीतील लाल तेल

मोटार चालवणाऱ्या माणसाच्या डाव्या पायाकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे काय? सांताक्रूझच्या स्वामी विवेकानंद मार्गावर संध्याकाळच्या वेळी पदपथावर उभे राहून एखाद्या साध्या मोटारीच्या चालकाकडे पाहिले, तर त्याचा डावा पाय सारखा खाली-वर होत असलेला दिसेल. दर दहा-वीस हातांवर गाडी थांबते आणि पुन्हा चालू लागते. प्रत्येक वेळी त्याला पायाने क्लच दाबावा लागतो, डाव्या हाताने गियरची दांडी हलवावी लागते आणि मग क्लच अलगद सोडावा लागतो. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात निवृत्त झाली. त्या टॅक्सींच्या चालकांनी आयुष्यभरात क्लच किती लाख वेळा दाबला असेल, याची गणती कोणी केलेली नाही. मात्र त्यांच्या गुडघ्यांनी ती नक्कीच ठेवली असेल.

त्याच गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या मोटारीत मात्र चालकाचा डावा पाय स्वस्थ असतो. त्या गाडीत क्लचचे पायदळ मुळी नसतेच. उजव्या पायाने ब्रेक सोडला की गाडी पुढे सरकते आणि वेग वाढेल तसे गियर आपले आपण बदलत जातात. या यंत्राला स्वयंचलित गियरपेटी म्हणतात. दुसऱ्या गाडीतील चालकाच्या हातापायांचे काम या पेटीत कोण करते, असे विचाराल तर उत्तर मोठे विलक्षण आहे. ते काम तेल करते. म्हणूनच हे तेल व त्याची गाळणी बदलणे हा या गाडीच्या निगेचा एक महत्त्वाचा भाग होय. तो घरच्या घरी कसा करतात हे आपण पाहणार आहोत. परंतु तत्पूर्वी तेल हे काम कसे करते, ते समजून घेतले पाहिजे.

गियर कशासाठी असतात ते सायकल चालवणाऱ्याला सांगावयास नको. सपाट रस्त्यावर एकदा वेग आला की पायडल हलके लागते. पण थांबलेली सायकल चढावर सुरू करताना पायात गोळे येतात. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. ते भराभर फिरू शकते, पण संथ फिरताना त्याच्या अंगी फारसे बळ नसते. म्हणून गाडी सुरू करताना इंजिनाच्या अनेक फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी असा हिशेब ठेवावा लागतो आणि वेग आल्यावर तो हिशेब बदलावा लागतो. हे बदलण्याचे साधन म्हणजे लहानमोठी दंतचक्रे, म्हणजेच गियर. चक्रे बदलताना इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तो तोडणारा तो क्लच.

आता एक प्रयोग मनाशी कल्पून पाहा. टेबलावर दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवले आहेत. त्यांतील एकच सुरू केला. त्याच्या वाऱ्याच्या झोताने दुसऱ्या पंख्याची पातीही सावकाश फिरू लागतील. दोघांमध्ये ना पट्टा, ना साखळी, ना दांडा. केवळ हवेने एकाची गती दुसऱ्याला दिली. हेच दोन पंखे एका बंद डब्यात घातले आणि हवेऐवजी डबा तेलाने भरला तर? तेल हवेहून कितीतरी जड, म्हणून त्याचा झोतही तितकाच जोरकस. स्वयंचलित गियरपेटीच्या तोंडाशी असा एक डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. एक पंखा इंजिनाला जोडलेला असतो आणि दुसरा गियरपेटीला. गाडी उभी असताना इंजिनाचा पंखा संथपणे फिरत राहतो, तेल नुसते घुसळले जाते आणि दुसरा पंखा थांबलेला असला तरी इंजिन बंद पडत नाही. वेग वाढवला की तेलाचा झोत वाढतो आणि गाडी हलते. दोहोंच्या मध्ये आणखी एक लहान चक्र असते. परतणारे तेल ते योग्य दिशेने वळवते आणि त्यामुळे गाडी सुरू होताना इंजिनाचे बळ सुमारे दुपटीने वाढून पुढे पोहोचते.

ही युक्ती मोटारीसाठी काढलेली नव्हती. हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचे एकस्व मिळवले ते जहाजांसाठी. जहाजातील वाफेची टर्बाइने फार वेगाने फिरत आणि पाण्यातील पंखा संथ फिरावा लागे. त्या दोहोंचा मेळ त्याने द्रवाच्या साहाय्याने घातला. पुढे १९३९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने ‘हायड्रामॅटिक’ ही संपूर्ण स्वयंचलित गियरपेटी बाजारात आणली, तीत असे तेलाने गती देणारे पंखे होते. आपल्या देशात मन मोहन सूरी या अभियंत्याने रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी द्रवाने शक्ती वाहून नेणारी एक नवी रचना शोधून काढली. ती ‘सूरी ट्रान्समिशन’ या नावाने ओळखली जाते.

पंख्यांच्या पलीकडे गियरांचा खरा संसार आहे. येथील दंतचक्रांची मांडणी आकाशातल्यासारखी असते. मधोमध एक चक्र, त्याला सूर्य म्हणतात; त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार लहान चक्रे, ते ग्रह; आणि या सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले मोठे कडे. यांपैकी सूर्याला थोपवून धरले तर एक गती मिळते, कड्याला धरले तर दुसरी, आणि सगळ्यांना एकत्र बांधले तर तिसरी. एकही चक्र जागचे न हलवता, केवळ कोणाला धरावे आणि कोणाला सोडावे एवढे ठरवून गियर बदलता येतात. हे धरण्या-सोडण्याचे काम चकत्यांच्या जुडग्यांकडे असते. पोलादाच्या पातळ चकत्या आणि कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे अस्तर चिकटवलेल्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. त्या एकमेकींवर दाबल्या की पकड बसते. सैल सोडल्या की सुटते.

आणि त्यांना दाबते कोण? तेच तेल. इंजिनाच्या जोरावर चालणारा एक पंप तळाचे तेल गाळणीतून ओढून घेतो आणि मोठ्या दाबाने बारीक वाटांच्या चक्रव्यूहात सोडतो. कोणत्या क्षणी कोणती वाट उघडावी हे झडपा ठरवतात. त्या झडपा आपल्या खोबणीत इतक्या नेमक्या बसवलेल्या असतात की, भोवतालची फट माणसाच्या केसाहूनही बारीक असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. इंजिनातील तेल हे मुख्यतः वंगण होय. ते घर्षण कमी करते व उष्णता वाहून नेते. गियरपेटीतील तेलाचा व्याप त्याहून मोठा आहे. ते गती पोहोचवते, चकत्या आवळते, झडपांचे हुकूम बजावते, आणि शिवाय वंगणाचे व थंड ठेवण्याचेही काम करते. त्यातही एक गंमत आहे. दंतचक्रांना ते निसरडे हवे, तर चकत्यांना ते फार निसरडे असून चालत नाही, कारण मग पकडच बसणार नाही. एकाच द्रवाकडून अशा परस्परविरोधी अपेक्षा असल्यामुळे रसायनशास्त्रज्ञांना त्यात अनेक द्रव्ये मोजून-मापून मिसळावी लागतात. एके काळी त्यांत एका जातीच्या देवमाशाचे तेल असे. चकत्यांची पकड गचका न देता मऊपणे बसावी म्हणून ते घालत. अमेरिकेत १९७० च्या सुमारास या देवमाशाला संरक्षण मिळाले, आणि मग त्या तेलाला पर्याय शोधावे लागले. मोटारीचा गियर सुखाने पडावा म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते, हे वाचून तुम्हांला आश्चर्य वाटेल. मलाही वाटले होते.

या तेलाला बहुधा लाल रंग दिलेला असतो. रंगाचा गुणाशी काही संबंध नाही. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनाचा की गियरपेटीचा हे चटकन ओळखता यावे, एवढाच त्याचा उपयोग. मात्र सर्व लाल तेले सारखी नसतात, आणि काही कंपन्यांची तेले हिरवी वा पिवळसरही असतात. कोणत्या गाडीला कोणते तेल, हे तिच्या मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेले असते. त्याच्या जागी ‘त्याच रंगाचे’ दुसरे तेल घालणे म्हणजे सगळी पांढरी भुकटी साखरच असते असे समजणे होय.

इतके सोसणारे तेल कायम टिकत नाही. उष्णता हा त्याचा पहिला शत्रू. तेल फार तापू लागले की, त्यापुढे दर दहा अंशांच्या वाढीला त्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्याने घटते, असा एक ठोकळ नियम कारागीर सांगतात. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने ते थंड होते. पण पश्चिम द्रुतगती महामार्गावर वाकोल्याजवळ मे महिन्याच्या दुपारी गाड्यांची रांग लागते, तेव्हा वारा नाही, वेग नाही, आणि पेटीतील पंखे मात्र तेल घुसळीत असतात. त्यातच चकत्यांच्या अस्तराची झीज आणि धातूचा सूक्ष्म चुरा तेलात मिसळत जातो. त्यातील बराचसा गाळणी अडवते. पण गाळणीलाही मर्यादा असते. ती फार चोंदली तर पंपाला पुरेसे तेल मिळत नाही, दाब पडतो, चकत्या घसरू लागतात, घसरल्या की अधिक तापतात, आणि तापल्या की अस्तर जळते. काही कंपन्या आपले तेल गाडीच्या आयुष्यभर पुरेल असे म्हणतात. पण अनेक मार्गदर्शक पुस्तकांत कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी तपासणीची व बदलाची निराळी मुदत दिलेली असते. आणि उष्ण हवा व थांबत-थांबत चालणारी वाहतूक यांची गणना कठीण परिस्थितीतच होते. मुंबईच्या उपनगरातील गाडीने स्वतःला सुखवस्तू समजू नये, हे बरे.

उष्णतेहून भयंकर असा दुसरा शत्रू म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ हा दिवस सांताक्रूझच्या लोकांना विसरता येणार नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत, अशा चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. उपनगरांत शेकडो लोक प्राणांस मुकले. त्यांत पाण्यात अडकलेल्या मोटारींत गुदमरलेलेही काही होते. त्या आपत्तीपुढे यंत्रांची हानी गौणच होय. तथापि पाण्याखाली राहिलेल्या मोटारींच्या पोटात काय घडले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण सांताक्रूझ व विलेपार्ले यांच्यामधला मिलन सबवे जोराच्या पावसात अनेकदा पाण्याने भरतो, आणि तेच संकट लहान प्रमाणात पुन्हा उभे राहते.

गियरपेटी संपूर्ण बंद नसते. आतील हवा तापून फुगली की तिला बाहेर पडण्यासाठी वरच्या बाजूस एक बारीक श्वासनळी ठेवलेली असते. गाडी तासभर चालून पेटी चांगली तापलेली आहे, आणि अचानक ती थंड पाण्यात बुडाली, असे समजा. आतील हवा आकसते. तिची जागा भरून काढण्यासाठी श्वासनळी बाहेरून जे मिळेल ते आत ओढते. आणि बाहेर त्या वेळी पाणीच असते. पेटी जणू पाण्याखाली श्वास घेते. हे पाणी तेलात घुसळले गेले की लाल तेलाचे गुलाबी, दुधाळ द्रावण होते. त्याचे वंगण जाते, पोलाद गंजते, आणि सर्वांत वाईट म्हणजे चकत्यांचे कागदासारखे अस्तर पाणी शोषून घेते व त्याची चिकट सुटू लागते. अशी गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तिला धक्का मारून सुरू करण्याचाही उपयोग नाही. कारण इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे दाब नाही, आणि दाब नाही म्हणजे एकही चकती पकड घेणार नाही. दोराने ओढून नेतानादेखील पेटीला जोडलेली चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत, कारण तेलाचे वाटप थांबलेले असताना आतील चक्रे कोरडी घासतात. ती चाके उचलून, किंवा सगळी गाडीच वाहनावर चढवून न्यावी लागते. वेळीच सगळे तेल काढून टाकले तर कधी पेटी वाचते. अस्तर सुटले असेल तर मात्र ती उघडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो खर्च भारी असतो.

आता घरी तेल बदलण्याच्या कामाकडे वळू. प्रथम आपल्या गाडीत कोणत्या जातीची पेटी आहे ते पाहिले पाहिजे. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरियो ही लहान मोटार आणल्यापासून आपल्याकडे एक स्वस्त प्रकार पुष्कळ रूढ झाला आहे. त्यात गियरपेटी साधीच असते. फक्त क्लच दाबण्याचे व गियर टाकण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. तिच्यात वर सांगितलेले पंख्यांचे व चकत्यांचे तेलही नसते आणि ही गाळणीही नसते. दुसऱ्या एका प्रकारात दंतचक्रांऐवजी पोलादी पट्टा असतो आणि त्याचे तेल अगदी निराळे असते. विजेच्या मोटारीला तर गियर बदलण्याची गरजच पडत नाही. पुढील वर्णन टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या आणि तळाचे पात्र काढता येणाऱ्या पेटीचे आहे.

हे काम मोठ्या माणसांचे आहे. मुलांनी गाडीखाली जावयाचे नाही. पण बाहेर बसून काढलेल्या तेलाचे माप टिपणे, बोल्ट मोजून वाटीत ठेवणे आणि पुस्तकातील आकडा वाचून दाखवणे ही कामे मुले चांगली करतात, आणि तीही आवश्यकच असतात.

सांताक्रूझमधील बहुतेक गाड्या इमारतीच्या खांबांखाली किंवा आवारात उभ्या असतात. जागा सपाट व कठीण हवी. चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावतात, हातब्रेक ओढतात आणि मग जॅकने गाडी उचलतात. येथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. उचललेल्या गाडीखाली मजबूत लोखंडी घोड्या लावल्याखेरीज आणि गाडी त्यांवर नीट बसली आहे हे हलवून पाहिल्याखेरीज कोणीही खाली शिरू नये. विटांच्या थरांवर गाडी टेकवणे तर आत्मघातच. वीट वरून अखंड दिसते आणि भार पडल्यावर क्षणात भुगा होते.

तेल कोमट असताना काढणे सोयीचे; म्हणून गाडी आधी थोडी चालवून आणतात आणि चटका बसणार नाही इतकी निवू देतात. मग तळाचे बूच उघडण्यापूर्वी वरचे, म्हणजे तेल भरण्याचे बूच उघडते की नाही ते पाहतात. ही सूचना वाचताना क्षुल्लक वाटते. परंतु वर्षानुवर्षे न हललेले वरचे बूच पुष्कळदा गंजून बसलेले असते. खालचे सगळे तेल आधी सोडून दिले आणि मग वरचे बूच हलेना, तर गाडी धड जुन्या तेलावर नाही नि धड नव्यावर नाही, अशी आवारातच अडकून पडते. आणि वर सांगितल्याप्रमाणे ती धक्क्यानेही सुरू होत नाही.

खाली घमेले ठेवून तळाचे बूच काढतात. काही पेट्यांना ते नसतेच. तेव्हा तळपात्राचे बोल्ट एका कोपऱ्याकडून क्रमाने सैल करीत पात्र हळूच कलते करतात आणि तेल वाहू देतात. गॅरेजमधील कारागीर या पात्राला ‘चेंबर’ म्हणतात. तेल पाहावे, हुंगावे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला तर पुष्कळ समजते. लाल किंवा तांबूस असेल तर ठीक. तपकिरी असेल तर बदलण्याची वेळ झालेली होती. काळे व जळका वास येणारे असेल तर आत अस्तर जळू लागले आहे. आणि गुलाबी, दुधाळ असेल तर पाण्याने प्रवेश केला आहे. तळपात्रात एक-दोन लोहचुंबक बसवलेले असतात. त्यांवर गंधासारखा मऊ, करडा लेप जमलेला दिसेल. ती रोजची झीज होय. तिला घाबरण्याचे कारण नाही. मात्र चमकणारे कण किंवा धातूचे तुकडे दिसले, तर नवे तेल घालण्यात अर्थ नाही. प्रथम जाणत्या कारागिराला दाखवावे.

गाळणी पात्राच्या वर, पंपाच्या तोंडाशी बसवलेली असते. ती ओढून काढताना तिचे रबरी कडे पुष्कळदा वरच्या खोबणीतच चिकटून राहते. ते न पाहता नवी गाळणी आपल्या कड्यासह बसवली तर ती नीट बसत नाही, फटीतून हवा ओढली जाते आणि दाब पडतो. एवढ्याशा रबराने मोठी हानी होते. पात्र स्वच्छ धुऊन, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून, नवे गॅसकेट घालून पुन्हा बसवावे. बोल्ट एका बाजूने आवळत न जाता समोरासमोरचे आवळावेत, आणि तेही बेताने. पात्राचा पत्रा पातळ असतो; मनगटाचा जोर दाखवण्याची ती जागा नव्हे. किती आवळावे याचा आकडा पुस्तकात असतो आणि तो मोजून आवळणारा पानाही मिळतो.

आता भरण्याचा हिशेब. काढलेले तेल मापाने मोजावे आणि तितकेच नवे तेल नरसाळ्याने भरावे. येथे काढलेले तेल पेटीतील सगळे तेल नसते, हे विसरू नये. पंख्यांच्या डब्यात आणि नळ्यांत बरेचसे राहून जाते. समजा, एका पेटीत ८ लिटर तेल मावते आणि तळातून ४ लिटरच निघाले. एकदा बदलल्यावर निम्मे तेल नवे झाले. गाडी काही दिवस चालवून पुन्हा ४ लिटर बदलले, तर जुन्याचा वाटा चौथाई उरेल. तिसऱ्यांदा एक अष्टमांश. किती वेळा बदलले असता जुने तेल अगदी शून्य होईल, हे गणित तुमच्या शिक्षकांना विचारून पाहा.

भरून झाल्यावर इंजिन सुरू करतात आणि ब्रेक घट्ट दाबून धरून दांडी प्रत्येक स्थानावर काही क्षण ठेवतात, म्हणजे नवे तेल सर्व वाटांत पोहोचते. त्यानंतर पातळी तपासावयाची. तेल तापले की फुगते, म्हणून पुस्तकात ज्या तापमानाला पातळी पाहण्यास सांगितले असेल, त्याच तापमानाला ती पाहिली पाहिजे. कमी तेल पडले तर पंप हवा ओढतो. जास्त पडले तर फिरती चक्रे तेलाला ताकासारखे घुसळून फेस आणतात, आणि फेसात दाब धरत नाही. जुन्या धाटणीच्या गाड्यांत पातळी पाहण्यासाठी पट्टी असते. अनेक नव्या गाड्यांत ती नसते. त्यांत गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून, इंजिन चालू ठेवून, खालून एक बूच उघडून जादा तेल ओघळू द्यावे लागते. चालू इंजिनाच्या गाडीखाली शिरण्याचे हे काम आवारात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गाडीला पट्टी आहे तिचेच तेल घरी बदलावे. इतरांनी ठोकळे व घोड्या आवरून, योग्य उचलयंत्र असलेल्या गॅरेजचा रस्ता धरण्यात कमीपणा नाही.

घमेल्यातील जुन्या तेलाचे काय करावयाचे? ते गटारात ओतणारे लोक आहेत. सांताक्रूझ पूर्वेच्या बऱ्याच भागातील पाणी वाकोला नाल्यात जाते. तो नाला मिठी नदीला मिळतो, आणि मिठी माहीमच्या खाडीतून समुद्रात शिरते. वापरलेले तेल पाण्यावर तवंग होऊन पसरते आणि हवा व पाणी यांच्यामध्ये पडदा धरते. खाडीतील मासे व तिवरांची मुळे यांना त्याचा जाच होतो. २०१६ सालच्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा धोकादायक टाकाऊ पदार्थ गणला जातो. ते झाकणाच्या डब्यात भरून, त्यात पाणी अगर दुसरे काही न मिसळता, परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे तेल पोहोचवणाऱ्या गॅरेजला द्यावे. शुद्ध केल्यावर ते पुन्हा वंगण म्हणून उपयोगी पडते. तेलाने माखलेली फडकी आणि जुनी गाळणीही घरच्या केरात टाकू नयेत.

रात्री गाडीखाली एक जुने वर्तमानपत्र पसरून ठेवतात आणि सकाळी ते ओढून पाहतात. उन्हाळ्यात त्यावर ओले डाग दिसले म्हणून लगेच घाबरू नये; गाडी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे पाणी असेच ठिबकते, आणि ते उन्हात धरले की काही वेळात वाळून जाते. डाग वाळला नाही, कागद पारदर्शक झाला आणि कडेला लालसर वर्तुळ उमटले, तर एखादा बोल्ट किंवा बूच सैल राहिले आहे. मग पुन्हा ठोकळे, पुन्हा घोड्या आणि पुन्हा पाना.